कॉफीशिवायच्या संध्याकाळी

धाकटीने पिशवीतून खोकं काढून ओट्यावर ठेवलं तेव्हा थोरलीला वाटलं, असतील बिस्किटं. धाकटी बहीण रिकाम्या हाताने कधी यायची नाही. पण खोक्यातून निघालं एक पांढरं, बशीएवढं यंत्र. गॅस गळायला लागला की ते म्हणे बोंब मारतं. "शेगडीजवळ भिंतीला लावून घे. स्क्रू आतच आहेत," धाकटी म्हणाली. थोरली हसली. "अगं, ज्या घरात नाकसाहेब राहतात तिथे हे भोंगं कशाला? गॅस सुटायचा विचार करेल तेवढ्यात यांना कळेल." आणि धाकटी खोक्याचा पुठ्ठा चपटा करता करता, मान वरही न करता म्हणाली, "भावोजींना कुठला वास येतोय, ताई! तुला एकदा सर्दी झाली की या घरात नाकच उरत नाही."

पुठ्ठा दुमडल्याचा आवाज थांबला. धाकटीने वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग हळूहळू काहीतरी आलं, फरशीवर सांडलेलं पाणी कोपऱ्याकडे सरकत जावं तसं.

"म्हणजे? सांगितलं नाही अजून त्यांनी तुला?"

"काय?"

"मला वाटलं, रिटायर झाल्यावर सांगितलं असेल. आता लपवायचं काय राहिलंय? अगं ताई, तो मोठा ताप आला होता बघ त्यांना. त्यातच गेलं नाक. जीभही नावापुरतीच राहिली. खारट, गोड, आंबट, बास. ते एवढं कळतं, पुढचं काही नाही."

"मग नोकरी?"

"मी होते ना," धाकटी म्हणाली. आणि ते तिने इतक्या साधेपणाने सांगितलं, जणू भावोजींची छत्री कधीतरी तिने धरली होती.

दोघी बहिणींपैकी नाक धाकटीचंच तिखट, हे आई लहानपणापासून सांगायची. त्याच नाकावर भावोजींनी तिला आपल्या कंपनीत चिकटवून घेतली होती. कॉफीचं मोठं कोठार, वर माल चाखून पारखायची काचेची खोली, खोलीत लांब टेबल. टेबलावर वाट्यांची ओळ. थोरलीचा नवरा एकेका वाटीवरून चमच्याने कॉफीचा वर आलेला थर बाजूला सारायचा, वाकून वास घ्यायचा, मग चमचाभर कॉफी फुर्र करून ओढायचा, तोंडात घोळवायचा आणि पायाशी ठेवलेल्या पिंपात थुंकायचा. समोर बसून धाकटी तो सांगेल ते लिहून घ्यायची. लग्नानंतर एकदा थोरलीलाही तो सगळा सोहळा बघायला नेलं होतं. एवढा कडक इस्त्रीचा माणूस असा फुर्रफुर्र करतोय हे बघून तिला हसू आवरेना, आणि धाकटीने टेबलाखालून तिला चिमटा काढला होता. तापानंतर म्हणे धाकटी त्याच्या आधी वाट्या चाखून ठेवायची. वाटी चांगली असली तर चमचा उताणा, बरी नसली तर पालथा, आणि काही दोष असला तर वाटीच्या डाव्या अंगाला. तो यायचा, फुर्र करायचा, डोळे मिटायचा, थुंकायचा आणि चमच्यात लिहिलेलं वाचून दाखवायचा. शेवटपर्यंत कुणाला पत्ता लागला नाही. निरोपाच्या दिवशी मालकाने त्याच्या नाकावर भाषण केलं आणि सगळे हसले. ती पुढच्या रांगेत बसली होती. तीही हसली होती. शेजारी धाकटी बसली होती. ती हसली होती का, हे आता आठवेना.

"त्यांनी हात जोडले ग माझ्यापुढे," धाकटी म्हणाली. "एवढ्या मोठ्या माणसाने हात जोडले की काय करायचं?"

"माझ्यापुढे कुणी जोडले नाहीत."

"तुला काळजी वाटेल म्हणून नाही सांगितलं."

"तुला नाही वाटली काळजी?"

"ताई, तू आता उगीच..." असं म्हणून धाकटीने पर्स उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. दारात चपला घालताना म्हणाली, "मी बोलले असं सांगू नकोस." म्हणजे अजूनही काहीतरी सांगायचं नव्हतंच. दार लागलं. ओट्यावर ते पांढरं यंत्र पोटातल्या स्क्रूंसकट उताणं पडून होतं.

माहेरी दिवस उजाडायचा तो कॉफीने. आई अंथरुणातून उठायच्या आधी तिचा हात कॉफीच्या डब्याकडे जायचा, असं वडील म्हणायचे. ती स्वतः न्हातीधुती झाली तेव्हापासून तिला संध्याकाळीही एक कप मिळायला लागला होता, आणि तो कप घेऊन खिडकीत बसलं की आपण मोठ्या झालो असं वाटायचं. लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, मजा आहे बुवा तुझी, कॉफीतच पडणार. आणि लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्याने तिला समोर बसवून, रागावून नाही, अगदी अजिजीने सांगितलं होतं की घरात कॉफी नको. दिवसभर तेच असतं. संध्याकाळी नाकाला विसावा लागतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी ते दगा देतं. वासाचा साबण नको. केसांना वासाचं तेल नको. दिवेलागणीनंतर फोडणी नको. "माझं पोट नाकावर चालतं," तो म्हणाला होता, आणि तिला ते वाक्य इतकं आवडलं की तिने आनंदाने सगळं सोडलं. सोडलं असं तरी कसं म्हणायचं? वीस-बावीस वर्षांच्या पोरीला कुणासाठी काही सोडण्यात जी मिजास वाटते ती काय कमी असते? शेजारणी सांगायच्या, आमच्या ह्यांना हे चालत नाही, ते चालत नाही, आणि कपाळाला आठ्या घालायच्या. ती सांगायची तेव्हा तिची मान ताठ असायची.

मग संध्याकाळी द्यायचं काय? पहिल्या संध्याकाळी तिने नुसतं गरम दूध दिलं. त्याने कप नाकाशी नेला, थांबला, आणि विचारलं, "या पातेल्यात दुपारी बटाटे उकडले होतेस?" उकडले होते. घासून, विसळून, पुसून ठेवलेलं पातेलं. ती लाजेने लाल झाली आणि त्याच वेळी आतून कुठूनतरी सुखावली. आपण हात लावलेली वस्तू एवढ्या बारकाईने कुणी ओळखेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. आईने नाही ओळखलं, वडिलांनी नाही. त्या कपापासून सगळं सुरू झालं. ती शिकत गेली. जव मंद आचेवर भाजून, जाडसर भरडून उकळले की कसा शांत, मातकट वास येतो, आणि एक मिनिट जास्त भाजले की तोच वास कसा खेकसतो. सफरचंदाची सालं फेकायची नाहीत, दालचिनीच्या काडीबरोबर झाकून उकळायची, आणि मध घालायचा तो कप हातात देण्याइतका निवल्यावर. आलं ठेचायचं नाही, कापायचं. थंडीत खजूर दुधात शिजवून गाळायचा, कोकोत चिमूटभर मीठ घालायचं. जायफळ दुधात घालायचं ते दूध उतरवल्यानंतर, आधी नाही. आधी घातलं तर ते रुसतं. तो एकेक घोट घ्यायचा आणि सांगायचा. वेलचीचा दाणा जुना आहे. मध नव्या बरणीतला आहे. आज तुझं लक्ष नव्हतं. आणि खरंच लक्ष नसायचं. मुलगा तापाने फणफणलेला असायचा, किंवा आईचं पत्र आलेलं असायचं. तिच्या मनातलं तो कपातून वाचायचा. लोकांचे नवरे बायकांना साड्या आणतात, बागेत फिरवतात. तो यातलं काही करायचा नाही आणि तिला कधी त्याची खंत वाटली नाही. संध्याकाळी दिव्याखाली दोन कप असायचे. मुलगा मोठा होऊन दूर गेला, तरी दोन कप राहिले.

तापानंतर तो स्वयंपाकघरात येऊन बसायला लागला. आधी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत वाट बघायचा; आता फ्रिजशेजारच्या स्टुलावर. ती म्हणायची, "अहो, इथे उकडतंय, बाहेर बसा." तो म्हणायचा, "तुझ्याजवळ बरं वाटतं." केवढा मोठा ताप होता तो! माणूस मरणाच्या दारातून परत आला की त्याला घर कळतं, माणसं कळतात, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. धाकटीलाही सांगितलं होतं: आजारपणाने बघ कसा मऊ झालाय माणूस. धाकटी तेव्हा कपाच्या कानाशी चाळा करत म्हणाली होती, "हो ना."

तो बघत होता. कुठल्या बरणीकडे हात जातो ते बघत होता. तिने पाठ केली की ऐकत होता.

आणि मग ती गोष्ट वर आली. खरं तर दार लागल्यापासून ती आत कुठेतरी धडका मारत होती, पण तिनेच तिला थोपवून धरलं होतं. जायफळाची पूड पत्र्याच्या फिरकीच्या झाकणाच्या बरणीत असायची. ते झाकण उघडताना कुरकुरायचं. लवंगांची पूड बुचाच्या बरणीत. बूच निघताना पुसट 'फट्' व्हायचं. एकदा तिने बरण्या धुऊन वाळवल्या, पुड्या पुन्हा भरल्या, आणि भरताना बरण्यांची अदलाबदल झाली असणार. असं कुणाच्याही घरी होतं. जिथे तिथे ठेवायची इतकी सवय, की वास घेऊन बघावं असं मनातही आलं नाही. संध्याकाळी तिने फिरकीची बरणी उघडली, चिमूट दुधात टाकली, दोन कप भरले, धाकटी आली होती म्हणून तिसराही. तिच्या स्वतःच्या पहिल्याच घोटाला लवंग जिभेला चावली. "अगंबाई! अहो, लवंग पडली वाटतं." तो स्टुलावर होता. त्याने घोट घेतला, डोळे मिटले, जसे काचेच्या खोलीत मिटायचा तसे, आणि म्हणाला, "लवंग? काहीतरीच काय! जायफळ आहे. उलट आज फार छान उतरलंय." ती म्हणाली, "अहो, जीभ बधिर झाली माझी." तो हसला. "जीभ तुझी बधिर झाली आणि दोष माझ्या जायफळाला?" मग तिने धाकटीकडे बघितलं. धाकटीच्या हातात तोच कप होता. धाकटीने एक घोट घेतला. आणखी एक घेतला. आणि ते तिखट नाक, आईने वाखाणलेलं नाक, म्हणालं, "भावोजी म्हणतायत म्हणजे जायफळच असेल, ताई."

दोघं दोन बाजूंनी. ती मध्ये. तोंडात लवंग, आणि दोन जाणकार माणसं सांगतायत की नाही.

त्यानंतर तिने काय केलं? दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेली. जीभ दाखवली. डॉक्टर म्हणाले, वय होत चाललं की चवी इकडच्या तिकडे होतात, मनाला लावून घेऊ नका. तिने लावून घेतलं नाही, मान्य केलं. दोन्ही पुड्या टाकून दिल्या, उगीच शंका नको म्हणून. आणि त्या दिवसापासून तिने स्वतःच्या जिभेचं ऐकणं बंद केलं. कप त्याच्या हातात द्यायचा आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहायचं: "बघा ना, बरं झालंय का?" भाजीत मीठ पडलंय का, दूध नासलंय का, कुठे काही जळतंय का, सगळं त्याला विचारायचं. फोनवर सून म्हणायची, "आई, तुमच्या हातची ती सफरचंदाची सालं कशी करता, सांगा ना," तर ती म्हणायची, "मला काय कळतंय आता? यांना विचार." तो फोन घ्यायचा आणि सांगायचा. फार छान सांगायचा. वासाचं ते सगळं वर्णन तिचंच होतं. इतक्या वर्षांत तिनेच ते त्याच्याजवळ बोलून ठेवलं होतं.

दुसरी बाई आली असती कुणी त्याच्या आयुष्यात, तर तिला निदान रडता आलं असतं. लोकांना सांगता आलं असतं. लोक हळहळले असते. यात सांगायचं काय? नवऱ्याला वास येत नव्हता? लोक म्हणतील, अगोबाई, मग काय झालं! म्हणतील, बिचारा. आणि ते बरोबरच म्हणतील. तो बिचारा होताच. नोकरी गेली असती, मुलाचं शिक्षण चालू होतं, हे सगळं तिला कळत होतं. कोठारात त्याने काय केलं ते तो जाणे आणि त्याचा मालक जाणे. पण या घरात मालक कुठे होता? स्टुलावर बसून तो कुणाला फसवत होता? आणि कॉफी! त्या नाकाच्या विसाव्यासाठी तिने कॉफीचा वासही घरात येऊ दिला नव्हता. शेजारच्या खिडकीतून कधी वाऱ्याबरोबर आला तर घाईने खिडकी लावून घ्यायची ती. लावण्याआधी एक क्षण थांबायची, चोरासारखा एक श्वास घ्यायची, मग लावायची. तो तिथेच बसलेला असायचा. एकदा तरी म्हणायचं, राहू दे उघडी.

बाहेर दिवे लागले. जिन्यात त्याची पावलं वाजली. फिरून येताना तो शेवटच्या वळणावर खाकरतो. तिने स्वयंपाकघराचं दार लावलं. ते कधी लावलेलंच नव्हतं. रंगाने फुगलं होतं, खांद्याने रेटावं लागलं.

"अगं, दार का लावलंस?"

"वारा येतोय."

"वारा? बरं. मी स्टुलावर..."

"बाहेरच बसा. आणते."

तिने दूध तापवलं. चांगली मूठभर बडीशेप त्यात टाकली, झाकून ठेवली, मग बारीक गाळणीतून दोनदा गाळलं. पांढरंशुभ्र दूध. वर काही तरंगत नव्हतं, खाली काही बसलं नव्हतं. सगळं स्वयंपाकघर बडीशेपेने भरून गेलं होतं. तिने मुद्दाम खोल श्वास घेतला. बडीशेप. दुसरं काही नाही, बडीशेप. डोळ्यांत पाणी आलं ते त्या वासाने नव्हे, तर तो आपल्याला बरोबर ओळखता आला म्हणून.

त्याने कप घेतला. दिव्याखाली धरून आत बघितलं. आता तिला दिसलं की तो आधी नेहमी बघतो. इतकी वर्षं ती त्याच्या नाकाकडे बघत आली होती, डोळ्यांकडे नाही.

"हं," तो म्हणाला. "छान."

"काय आहे?"

"दूध."

"दुधात?"

"असं काय विचारतेस? तू केलंस ना?"

"तुम्ही सांगा."

"वेलची," तो म्हणाला, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर काही सापडलं नाही. आणखी एक घोट घेतला. "वेलची कमी आहे तशी. जायफळ... जायफळच. थोडं केशर. नाही, केशर असतं तर रंग आला असता." मग त्याचं त्यालाच ऐकू आलं. कप त्याच्या हातात जरा कलला. तोंडी परीक्षेत शिक्षकांच्या ओठांकडे बघणाऱ्या मुलासारखा तो दिसत होता, पांढऱ्या केसांचा, आणि तिला त्याची दया आली. दया आली याचाच राग आला.

"धाकटी आली होती का?" त्याने विचारलं.

एवढंच. चुकलं नाही, माफ कर नाही. फुटलं कुठून, हे आधी.

"बडीशेप आहे," ती म्हणाली. "मूठभर. पायऱ्यांपर्यंत वास गेला असेल."

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू हे करायचं सोडलं असतंस."

"सोडलं असतं की नाही ते मला तरी कुठे माहितीये? विचारायचं होतं."

"सगळीकडे नाटक करावं लागत होतं. घरी तरी कुणीतरी मला..."

"घरीच नाटक होतं. तिथे निदान धाकटी होती, खरं माहीत असलेली. तिथे तुम्ही दोघं होता. इथे मी एकटीच होते, अहो."

"असं नको म्हणूस."

"ती लवंग होती."

"काय?"

"त्या दिवशी. बरण्यांची अदलाबदल झाली होती. लवंग होती ती."

त्याला आठवत नव्हतं. त्याच्या कपाळावर आठी पडली, तो शोधत होता, आणि त्याला खरोखरच काही सापडत नव्हतं. ज्या दिवशी तिची जीभ तिच्यापासून काढून घेतली गेली, तो दिवस त्याच्या लेखी इतर दिवसांसारखा होता, एक निभावून नेलेला. "कुठली लवंग?" त्याने विचारलं. आणि तिच्या लक्षात आलं की यावर तो खोटं बोलत नाहीये. त्यापेक्षा खोटं बोलला असता तर बरं झालं असतं.

तिने आपल्या कपाला तोंड लावलं नव्हतं. तिला एकदम वाटलं, मला बडीशेप आवडते का? जव आवडतात? खजूर? इतक्या संध्याकाळी इतकं काय काय उकळलं, गाळलं, निववलं, पण त्यातलं स्वतःच्या आवडीचं कुठलं, हे तिला सांगता येईना. विचारलंच नव्हतं कुणी. तिनेही नाही.

"थांब," तो उठत म्हणाला. "आज मी करतो तुझ्यासाठी. तू बस. अगं, बस म्हणतो ना! इतकी वर्षं बघतोय, येतं मला."

ती बसून राहिली. तो आत गेला. भांड्यावर भांडं आदळलं, नळ सुटला, काहीतरी ओट्यावरून घरंगळलं आणि तो "अरेच्चा" म्हणाला. लायटर तीन-चारदा चटचटला. मग शांत झालं. चमचा पातेल्याच्या तळाशी गोल फिरत असल्याचा आवाज येत राहिला, संथ, मनापासून. तो ढवळत होता. मध्येच त्याने विचारलं, "साखर किती घेतेस तू?" तिने दोन बोटं दाखवली, भिंतीला. मग म्हणाली, "दोन."

आणि वास आला. आधी पुसट, मग दाराच्या फटीतून सरळ तिच्यापर्यंत. दूध तळाला लागत होतं. करपत होतं. कुणालाही कळावं असं, मेलेल्या माणसानेही उठून बसावं असं. चमचा फिरतच होता. तो पातेल्यावर ओणवून उभा असणार, वाफ थेट तोंडावर येत असणार, आणि तो अगदी लक्ष देऊन ढवळत होता. "गॅस बारीक करा" एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. ते तिच्या जिभेवर येऊन बसले आणि तिथेच बसून राहिले. एवढ्या वर्षांत आजच पहिल्यांदा तिने कशाचा तरी वास घेतला होता आणि तो बरोबर आहे का, असं कुणाला विचारलं नव्हतं.

तो दोन कप घेऊन आला. कपांत पिवळट काळपट कण तरंगत होते. त्याने तिचा कप तिच्या हातात दिला, कान तिच्याकडे करून, अगदी ती देते तसा. समोर बसला.

"कसं झालंय?"

तिने घोट घेतला.

"करपलंय."

"हो?" त्याने आपल्या कपातून एक घोट घेतला, थांबला, दुसरा घेतला. या वेळी डोळे मिटले नाहीत. "मला काहीच लागत नाही ग," तो म्हणाला. "गोड आहे, गरम आहे, एवढंच कळतं."

हे तो आधी म्हणाला असता तर तिने त्याचं डोकं छातीशी धरलं असतं, त्या तापातून उठलेल्या, केस विरळ झालेल्या डोक्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं असतं. आता दोन्ही हात कपाभोवती होते. तिने ते काढले नाहीत. कप गरम होता. जळक्या दुधाचा वास घरभर पसरला होता आणि त्या घरात तो तिला एकटीलाच येत होता.